पार्टीला स्टार्टर किती करायचे? किलो सोडा, नग मोजा

मे महिन्यात आमच्याकडे भाच्याचा वाढदिवस होता, चाकरमानी सगळे गावाला आलेले, धरून ४० माणसं, आणि मी आपलं अंदाजाने थोडे वडे, थोड्या कोथिंबीर वड्या, दोन किलो कोलंबी असं करून ठेवलं. कोलंबी पंधरा मिनिटांत खल्लास, निम्म्या लोकांनी तर ती बघितलीपण नाही, आणि वडे एवढे उरले की दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तेच, जेवायला तेच आणि शेजारी डबा भरून तेच. मामी म्हणाली, "आधी माणसां मोज गो, मगे वडे." तेव्हापासून मी नग मोजते. खरंतर मच्छी मार्केटात वाटा घेताना आपण किलो विचारत नाही, वाट्यात मांदेली किती आणि केवढ्या तेच बघतो ना, पार्टीचापण हिशोब तसाच.

नग म्हणजे दोन घासांत संपेल एवढा तुकडा. लिंबाएवढा बटाटावडा एक नग, गाडीवर मिळतो तसा मोठा वडा दोन नग, कोलंबी काडीला दोन लावलीत तर ती काडी एक नग.

आता सुरुवात करताना आधी ठरवा की नंतर जेवण आहे का. जेवण आहे आणि तासाभरात पानं वाढणार, तर माणशी ४-५ नग पुरतात. जेवण दीड-दोन तासांनी असेल तर ६ धरा, आणि आपल्याकडे केक कापायला आत्याची वाट बघत बसायचं असतं त्यामुळे मी सरळ ६च धरते. जेवण नाहीच, हेच खाऊन घरी जायचं, तर १० ते १२. लहान मुलं अर्धी मोजा. आणि काही मंडळींचा "कार्यक्रम" मागच्या पडवीत वेगळा चालणार असेल तर त्यांना दीडपट धरा, ते लोक बोलत बोलत किती खातात त्यांचं त्यांनाच कळत नाही.

आमचंच उदाहरण घ्या. ३० मोठे आणि १० मुलं म्हणजे झाली ३५ माणसं, गुणिले ६ म्हणजे २१०, वर दहा टक्के धरून २३०. आता हे वाटायचे कसे, खरी गंमत इथेच आहे आणि माझी चूकपण इथेच झाली होती. सगळ्यांना सगळं सारखं नाही धरायचं. मासे खाणारे वेगळे मोजा. समजा मोठ्यांतले २० खाणारे आहेत, तर ते सहातले चार नग मासेच उचलणार हे धरूनच चाला, म्हणजे ८० नग मासळी. उरले १५०, त्यात ६० कोथिंबीर वड्या, ६० छोटे वडे आणि ३० असं काहीतरी जे तळायला लागत नाही, चटणी सँडविचचे त्रिकोण वगैरे. तीन-चार प्रकार बास झाले, सात प्रकार केलेत की प्रत्येक जण प्रत्येकातला एक उचलतो आणि काहीच कुणाला पुरत नाही.

बाकी वार बघायला विसरू नका! सोमवार, गुरुवार, संकष्टी असेल तर ते ८० चे २० होतात. श्रावणात तर विषयच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि भाव चढे, त्या दिवसांत अळुवडीवर भर द्या.

मासळीतलं काय घ्यायचं? बोंबील मला कितीही आवडत असले तरी पार्टीला नाही, त्यात पाणी इतकं असतं की ताटलीत दहा मिनिटं राहिले की मान टाकतात. बांगडा काट्यांमुळे उभ्याने खाता येत नाही. कोलंबी आणि कडक तळलेली मांदेली बेस्ट. फक्त कोलंबी साफ केल्यावर वजन जवळपास निम्मं होतं हे लक्षात ठेवून आणा, आणि कुणाला तिची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. वड्यांचं तेल वेगळं ठेवा, न खाणाऱ्या माणसाला वास लगेच कळतो.

सामानाचा अंदाज असा: एक किलो बटाट्यात लिंबाएवढे २५ ते ३० वडे होतात, म्हणजे ६० ला अडीच किलो पुरे, थोडे वरच होतील. कोथिंबीर वडीच्या एका उंड्याच्या १२ वड्या धरल्या तर पाच उंडे. ते आदल्या दिवशी वाफवून फ्रिजमध्ये टाका, ऐनवेळी कापायच्या आणि तळायच्या. कोकम सरबत माणशी दोन छोटे ग्लास, म्हणजे साधारण १० लिटर, त्याला गोड सिरप दोन लिटर आणि पाणी आठ लिटर, एकास चार.

आणि कढईचापण हिशोब करा, हे कुणी करतच नाही. घरच्या मोठ्या कढईत एका वेळी १०-१२ छोटे वडे, एका घाण्याला पाचेक मिनिटं, म्हणजे ६० वड्यांना अर्धा तास तिथेच गेला, आणि दुसऱ्या शेगडीवर मासे. म्हणून सगळं एकदम बाहेर काढू नका, तीन फेऱ्या करा. पहिली फेरी पाहुणे यायला लागले की, दुसरी केकच्या आधी, तिसरी नंतर. ट्रे स्वयंपाकघराच्या दारात ठेवला तर दारातले दहा जणच सगळं संपवतात, तेव्हा एखाद्या पोराला तो हातात देऊन आधी लांबच्या खुर्च्यांकडे पाठवा. वेफर्स, चिवडा आधीपासून वाट्यांत काढून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत लगेच सादळतात.

शेवटची फेरी तळायच्या आधी बाहेर एक चक्कर मारा. लोक पानांकडे बघायला लागले असतील तर गॅस बंद करा, न तळलेले उंडे फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहतात.