बकेट लावायच्या आधी टेकाड बघा

मी अक्कलकोटकडचा, जेसीबी चालवतो. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातल्या पांढरट मातीच्या, किती ट्रॉल्या भरून दिल्या त्याचा हिशेब नाही. कुणाच्या जोत्यात भराव, कुणाच्या माळवदावर. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं, हे लहानपणापासून ऐकतोय. पण डिझेल जळत असताना ते आठवत नाही.

शेजारच्या कर्नाटकात सुरपूर तालुक्यातल्या बुदिहाळला मेहुण्यानं राखेचं टेकाड दाखवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी 1990च्या दशकात तिथं उत्खनन केलं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी गुरं राखणाऱ्यांनी शेणाचे ढीग पेटवले, त्याची ही राख. अशा टेकाडांत कुठं कुठं आच इतकी लागलेली असते की राख वितळून खंगर विटेसारखी होते. मी तिला चुन्याची भट्टी समजलो असतो.

तर आता मी काय करतो ते सांगतो. टेकाडाला आधीच कुणी कापलं असेल, तर त्या उभ्या कडेसमोर थांबायचं. साध्या मातीत रंग हळूहळू बदलतो. वस्तीच्या टेकाडात करडा, पांढरट, काळा असे पट्टे दिसतात. मधून खापर, हाड, कोळसा डोकावतो. पट्टा दिसला की मशीन बंद. एकटं खापर फारसं बोलत नाही. ते कुठल्या थरात होतं यावर सगळं असतं, आणि बकेटनं एकदा थर कालवले की ते परत लागत नाहीत. म्हणून उकरायचं नाही, खिशात घालायचं नाही. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवरचं लोकेशन आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहून ठेवा.

मग लेखी अर्ज: तहसीलदार आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग. तोंडी सांगून काही होत नाही, पोच घ्या. नाणी, दागिना असं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं निघालं, तर 1878च्या निखात निधी कायद्यानं कलेक्टरांना लेखी कळवावंच लागतं. दहा रुपये! तेव्हाची रक्कम तशीच राहिली आहे.

एक गैरसमज मात्र काढा. शंभर मीटरमध्ये बांधकाम बंद, हा केंद्राच्या कायद्यातला नियम केंद्रानं संरक्षित जाहीर केलेल्या जागांनाच लागतो. तुमच्या बांधावरचं टेकाड त्या यादीत नसेल, तर अर्जावर काही होईपर्यंत मालकाला समजावणं एवढंच हातात असतं. मी भरावासाठी दुसरीकडचा मुरूम सुचवतो. दोघं ऐकले, एकानं दुसरा जेसीबी बोलावला.