नाशकात नोकरी लागली, आता भाड्याचं घर कुठे बघायचं?

नोकरीचं लेटर आलं की पहिला फोन नाशकात राहणाऱ्या कुठल्यातरी नातेवाईकाला जातो, आणि तो पुढचं काही न विचारता सांगून टाकतो की गंगापूर रोडला बघ, एरिया भारी आहे. मला मावसभावाने हेच सांगितलं. मी धुळ्याहून आलो, दोन दिवसात गंगापूर रोडला वन बीएचके घेतला, डिपॉझिट भरून मोकळा झालो आणि जॉइन व्हायच्या दिवशी कळलं की लेटरवरचा पत्ता नुसता ऑफिसचा होता, आपलं काम प्लांटवर, आणि प्लांट सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. म्हणजे शहराच्या बरोब्बर उलट्या टोकाला. सकाळी सातची शिफ्ट, साडेपाचला बाईकला किक, डिसेंबरच्या थंडीत मोहदरी घाटात बोटं अशी बधिर व्हायची की क्लच दाबला का नाही ते कळायचं नाही. चार महिने काढले. मग घर बदललं, डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापून गेलं, आणि त्यानंतर ऑफिसात जो कोणी नवीन येतो त्याला मी हे सगळं सांगत बसतो, म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

१. आधी गेट विचारा, एरिया नंतर

एचआरला फोन करून तीन गोष्टी विचारा. रोज हजेरी कुठल्या गेटवर लागणार, शिफ्ट किती वाजता सुरू आणि किती वाजता सुटणार, आणि कंपनीची बस असेल तर ती कुठल्या कुठल्या स्टॉपवर थांबते. लाजू नका, बसचा रूट आख्खा व्हॉट्सअपवर मागून घ्या. लेटरवर नुसतं नाशिक लिहिलेलं असतं पण नोकऱ्या सगळ्या दिशांना पसरलेल्या आहेत. सातपूर एमआयडीसी त्र्यंबक रोडला, अंबड सिडकोला लागून, गोंदे मुंबई हायवेवर, सिन्नर पुणे रोडला, एचएएल ओझरला आग्रा हायवेवर, अक्राळे दिंडोरीकडे. एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला गेट असं झालं की मध्ये द्वारका सर्कल किंवा मुंबई नाका आडवा येणारच, आणि संध्याकाळी तिथे काय होतं ते एकदा स्वतः बघा.

२. गेटवरून एरिया ठरवा

सातपूरला काम असेल तर सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर हे चालत किंवा सायकलवर जमेल असं, आणि जरा बरी सोसायटी पाहिजे असेल आणि भाडं परवडत असेल तर महात्मानगर, आनंदवल्ली, पाइपलाइन रोड. इथे मावसभावाचा सल्ला बरोबर आहे हं, गंगापूर रोड सातपूरवाल्यांना चालतो.

अंबडला असाल तर सिडको. पवननगर, उत्तमनगर, कामटवाडे, त्रिमूर्ती चौक, पाथर्डी फाटा. सिडकोत अर्धा खान्देश राहतो, त्यामुळे आमच्यासारख्यांना भाजीवाल्याशी अहिराणीत बोलता येतं, हा फायदा कुठल्या जाहिरातीत लिहिलेला नसतो. पण सिडकोच्या जुन्या घरांबद्दल एक गोष्ट, मूळ घरं लहान होती, त्यावर लोकांनी जसे पैसे आले तसे मजले चढवले, त्यामुळे खालच्या खोल्यांत भरदुपारी ट्यूब लावावी लागते आणि गल्लीत चारचाकी लावायला जागा म्हणजे रोजची भांडणं. बाईक असेल तर काही प्रॉब्लेम नाही. अंबड आणि सातपूर लिंक रोडने जोडलेत त्यामुळे नवरा एकीकडे बायको दुसरीकडे कामाला असेल तरी मधलं घर दोघांना जमतं.

गोंदे किंवा इगतपुरीकडे कंपनी असेल तर पाथर्डी फाटा, राणेनगर, इंदिरानगर, कारण हायवे हाताशी. सिन्नरवाल्यांनी मुकाट्याने नाशिकरोडला यावं, जेलरोड, बिटकोच्या आसपास, उपनगर. शहरातून येणाऱ्यापेक्षा तुमचा जवळपास दहा किलोमीटरचा रस्ता वाचतो आणि रेल्वे स्टेशन पण नाशिकरोडलाच आहे, ते मूळ शहरात नाहीये, हे बाहेरच्यांना रात्री उतरल्यावर कळतं. महिन्यातून दोनदा मुंबईला जायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेससाठी पहाटे उठून नऊ-दहा किलोमीटर रिक्षा करण्यापेक्षा हे बरं. नाशिकरोडच्या नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये नोकरी लागली असेल तर प्रश्नच नाही, इथेच.

ओझरला आडगाव, अमृतधाम, हिरावाडी. दिंडोरीकडे किंवा म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात असाल तर म्हसरूळ, मेरी. बँक, कोर्ट, सीबीएस, शरणपूर रोड अशी ऑफिसं असतील तर तुम्ही नशीबवान, कुठूनही जमतं, गोविंदनगर अशोका मार्ग बघा.

पंचवटीत घर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. २०२७ ला सिंहस्थ आहे, रामकुंडावर शाहीस्नान आणि तपोवनात साधुग्राम, त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या भागात रस्ते बंद, बॅरिकेड, पायी फिरा अशीच परिस्थिती असते, २०१५ ला पण तसंच होतं. त्यामुळे ॲग्रीमेंट त्या काळात संपत असेल तर मालक काय म्हणतो ते आत्ताच विचारून ठेवा.

३. पंधरा दिवस कुठेतरी काढा

थेट फ्लॅट घेऊ नका. पीजी, मित्राची खोली, कॉट बेसिस काहीही चालेल. या पंधरा दिवसात जो एरिया मनात आहे तिथून गेटपर्यंत शिफ्टच्या टायमाला गाडी चालवून बघा. रविवारी दुपारी बघितलेला रस्ता आणि सोमवारी सकाळचा रस्ता एकच नसतो. इंदिरानगरच्या बोगद्यात संध्याकाळी साडेसहाला एकदा अडकून बघा मग ठरवा. सिटीलिंकच्या बसवर अवलंबून असाल तर तुमच्या स्टॉपवर पहिली बस किती वाजता आणि शेवटची किती वाजता ते स्टॉपवर उभं राहून विचारा. महापालिकेची ही बस २०२१ पासून चालू आहे, दिवसा बरी आहे, पण शिफ्टवाल्याला पहाटेचा आणि रात्रीचा टाइमच महत्त्वाचा.

आणि पैशाचा हिशोब कागदावर करा. मी करायचो नाही. तीस किलोमीटर जाणं तीस येणं म्हणजे साठ, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटर, बाईक पन्नासचं ॲव्हरेज देत असेल तर तीस लिटर पेट्रोल, शंभरच्या वरचा भाव म्हणजे तीन हजार गेलेच. वर टायर, ऑइल. लांबच्या घराचं भाडं दोन हजाराने स्वस्त आहे म्हणून खूश होत असाल तर तुम्ही खरंतर तोट्यात आहात, आणि रोजचे दोन तास धरलेच नाहीत अजून.

४. घर बघायला जाताना

एकदा सकाळी आणि एकदा रात्री जा. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ येतं हे मालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचारा, काकू खरं सांगतात. बोअर आहे का, टाकी किती घरांत मिळून आहे. सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळतो, तो का स्वस्त आहे ते एप्रिलमध्ये कळतं. लाइटचं मीटर वेगळं आहे का सबमीटर, म्हणजे मालकाच्याच मीटरवरून जोडलेलं, सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये घेणार ते आधीच ठरवा. मागच्या भाडेकरूचं महावितरणचं बिल थकलेलं नाही ना ते बघा.

गोदावरीच्या जवळ, जुन्या नाशकात किंवा नदीकाठी घर असेल तर पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं विचारा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आख्खं नाशिक एकच विचारतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, अशी आमची पट्टी आहे. मोठ्या पुरात सराफ बाजारात पण पाणी शिरतं, त्यामुळे तळमजला असेल तर विचार करा.

बॅचलर असाल तर बऱ्याच सोसायट्यांत फॅमिलीच पाहिजे म्हणून तोंडावर नाही म्हणतात. खोटं सांगून घुसू नका, नंतर कमिटीवाले रोज जिन्यात गाठतात. स्वतंत्र रो हाऊसचा वरचा मजला किंवा मालक खाली राहतो असं घर शोधा, कंपनीचं आयडी कार्ड दाखवलं की तिथे लवकर जमतं.

५. एजंट, डिपॉझिट आणि ॲग्रीमेंट

एजंट साधारण एक महिन्याचं भाडं घेतो. त्याच्या आधी स्वतः दोन दिवस गल्ल्या फिरा, सिडकोत आणि जेलरोडला गेटवर 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या असतात, किराणा दुकानदाराला पण माहीत असतं. मला दुसरं घर दूधवाल्याने दाखवलं.

डिपॉझिट रोख दिलं तरी पावती घ्या, शक्यतो खात्यावरूनच द्या. ॲग्रीमेंट म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लोक अकरा महिन्यांचं करतात आणि नुसतं नोटरी करून विषय संपवतात. ते चुकीचं आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि रजिस्टर असावंच लागतं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. केलं नाही आणि पुढे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, हे मालकाला प्रेमाने सांगितलं की तो लगेच तयार होतो. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, आणि शहरात नोंदणी फी १००० रुपये. हा खर्च कोण करणार ते आधी बोला. पोलीस व्हेरिफिकेशन पण करून घ्या.

ॲग्रीमेंटमध्ये दोनच ओळी मी आता डोळे फाडून वाचतो, लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत घर सोडलं तर पैसे जातात तो काळ, किती महिने आणि नोटीस किती दिवसांची. माझे पैसे त्यातच गेले होते. कंपनीत प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर सहा महिन्यांचं लॉक-इन घेऊ नका. आणि जुन्या टॅक्स रेजीमने एचआरए, म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता, क्लेम करणार असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, काही मालक तिथेच तोंड फिरवतात, म्हणून डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा.

चावी घेतली की सामान आत टाकायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, तुटलेला नळ, मीटरचं रीडिंग सगळं, आणि मालकाला पाठवून द्या. मी आता जेलरोडला राहतो, बस सव्वासहाला बिटकोला येते, आणि मावसभाऊ अजून म्हणतो गंगापूर रोडच भारी होता.