जुनी छोटी गाडी घेताय? आराम, आवाज आणि ॲव्हरेजची तुलना करताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात आमच्या दाजींना सेकंड हँड गाडी घ्यायची होती. दोन गाड्या मनात भरल्या होत्या, एक पांढरी, एक करडी. दोन्ही छोट्या हॅचबॅक, किंमत जवळपास सारखीच. पांढरी त्यांनी सकाळी सातला सोलापुरात विजापूर रोडला एकट्यानं चालवून बघितली. करडी दुपारी दोनला, फुल एसी लावून, सोबत ताई, भाचा आणि एजंट. घरी आले ते निकाल घेऊनच. "पांढरी म्हणजे नुसतं लोणी. करडी दणके देते, आवाज करते, पिकअपच नाही."

मी म्हटलं, "दाजी, सकाळी सात आणि दुपारी दोन यांतला फरक तुम्ही मला सांगताय. गाडीचं अजून काहीच सांगितलं नाही."

नातेवाइकांसोबत जुन्या गाड्या बघायला मी बरीच वर्षं जातोय, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. जुनी गाडी आवडली नाही तर ती का आवडली नाही, हे दोन भागांत बघावं लागतं. काही गोष्टी त्या मॉडेलच्याच असतात, त्या जन्मभर बदलत नाहीत. काही गोष्टी फक्त त्या एका गाडीच्या असतात, कधी फुकटात तर कधी हजार-दोन हजारांत सुटणाऱ्या. हे दोन्ही एकत्र कालवलं की चांगली गाडी हातची जाते आणि वाईट गाडी दारात येते.

वेगवेगळ्या रस्त्यावर, वेगवेगळ्या वेळी चालवणं

एक रस्ता ठरवून घ्या आणि प्रत्येक गाडी त्याच रस्त्यावर न्या. आमचा ठरलेला आहे: सात रस्त्यापासून शहरातून जुना पुणे नाका, तिथून हायवेनं केगावला विद्यापीठापर्यंत आणि परत. यात खड्डे येतात, गतिरोधक येतात, सिग्नलची थांबाथांब येते आणि ऐंशीच्या वेगानं धावायला मोकळा रस्ताही मिळतो. वेळ तीच, माणसं तेवढीच, एसी दोन्हीत चालू किंवा दोन्हीत बंद. डांबरी रस्त्यावरची गाडी काँक्रीटवर नेली की टायरचा आवाज लगेच वाढतो, त्यामुळे एक गाडी डांबरीवर आणि दुसरी काँक्रीटवर चालवून "ही शांत, ती गोंगाटी" म्हणणं हा गाडीवर अन्याय आहे.

विकणारा नेहमी त्याच्या सोयीच्या गुळगुळीत रस्त्यानं एक फेरी मारून आणतो. त्याला नम्रपणे सांगायचं, रस्ता आमचा. ऐकत नसेल तर ती गाडी सोडून द्या.

हवा न मोजता सस्पेन्शनला दोष देणं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दाजी करड्या गाडीकडे परत गेलो. शेजारच्या पंक्चरवाल्याला हवा मोजायला लावली. चारही चाकांत 44 पीएसआय निघाली. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर दिसतो, त्यावर 33 लिहिलं होतं. विक्रीला लावलेल्या गाड्यांत हवा जास्त मारून ठेवतात, म्हणजे महिनाभर उभी राहिली तरी टायर बसलेला दिसत नाही. पोरानं व्हॉल्व्ह दाबून चारही चाकं 33 वर आणली, पाच मिनिटांचं काम. मग त्याच गतिरोधकावरून गाडी नेली. आदल्या दिवशी जिथं पाठीच्या मणक्यात ठोका बसला होता, तिथं आता नुसतं "धप्प" झालं. दाजी एकदम गप्प झाले. मागं वळले आणि तोच गतिरोधक त्यांनी पुन्हा दोनदा ओलांडला.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळिसाच्या घरात असतो, अशा उन्हात वीस किलोमीटर पळवून आणलेल्या टायरमध्ये आकडा वर गेलेलाच असतो.

हवा बरोबर केल्यावरही गाडी आदळत असेल तर टायरचं वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. घरात उभ्या राहिलेल्या, कमी पळालेल्या गाडीचं रबरही वयानं कडक होतं. असा टायर दणकाही देतो, आवाजही करतो आणि पावसात ब्रेकला साथ देत नाही. त्यानंतर शॉकअप, म्हणजे चाकाचे दणके शोषणारी नळी. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचा, एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली पाहिजे. डुलत राहिली, किंवा शॉकअपच्या नळीवर तेल आणि धुळीचा काळा लेप दिसला, तर तो गेला.

मागच्या मालकानं गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातलेत का, तेही वाकून बघा. ते काढता येतात, पण ते असताना केलेली आरामाची तुलना फुकट आहे.

फक्त ड्रायव्हर सीटवर बसून निर्णय घेणं

आपल्या घरांत गाडी कोणासाठी घेतात? अक्कलकोटला, तुळजापूरला, पंढरपूरला जायचं असतं ते आई-वडिलांना घेऊन, आणि ते मागं बसतात. छोट्या गाडीत मागची सीट जवळजवळ चाकांवर येते, त्यामुळे तिथला दणका पुढच्यापेक्षा मोठा असतो. म्हणून गाडी बघायला कंबर दुखणाऱ्या माणसालाच घेऊन जा. आम्ही माझ्या आईला नेलं. तिनं पांढऱ्या गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, "मांडीला आधारच नाही रे, पाय लोंबकळतात." दाजींच्या लक्षात हे कधीच आलं नसतं. सीटची लांबी मॉडेलची असते, ती कोणताही मेकॅनिक बदलून देत नाही.

चार माणसं बसवून एखादा मोठा खड्डा मुद्दाम सावकाश पार करा. रिकामी गाडी ताठ वाटते, भरल्यावर तीच कधी छान बसते, तर कधी खालून टेकते.

आवाज ऐकणं, पण कुठून येतो ते न शोधणं

"गाडी आवाज करते" या वाक्याला काही अर्थ नाही. इंजिनाचा, टायरचा, वाऱ्याचा की सुट्या भागांचा, हे वेगळं करता आलं पाहिजे.

आधी इंजिन. ऑल्टो, क्विड, टियागो, सेलेरिओ, एक लिटरची वॅगनआर ही तीन सिलिंडरची मंडळी. आय-टेन, ब्रिओ, 1.2 ची जुनी पेट्रोल स्विफ्ट चार सिलिंडरच्या. तीन सिलिंडरची गाडी सिग्नलला थांबल्यावर थोडी थरथरणारच, तो तिचा स्वभाव आहे. चार सिलिंडरच्या गाडीतून उतरून लगेच तीन सिलिंडरच्या गाडीत बसलात तर ती खराब वाटेल, आणि ती खराब नसेल. पण एसी लावल्यावर आरसा इतका हलतो की मागची गाडी दिसेना, आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबताच सगळं शांत, असं असेल तर इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर दबून गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ते बदलता येतं. बदलूनही थरथर राहिली तर प्लग, कॉइल तपासायला सांगा.

मग टायर आणि बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला क्षणभर क्लच दाबायचा, इंजिन मात्र अजिबात बंद करायचं नाही, कारण स्टीअरिंग आणि ब्रेक जड होतात. घूं घूं तशीच राहिली तर ती चाकांकडून येते आहे. रस्ता रिकामा असेल तर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवा. वळताना घूं घूं कमी-जास्त झाली तर बेअरिंगवर संशय घ्यायचा, कारण वळणावर बाहेरच्या चाकावर भार येतो.

वळवूनही फरक पडत नसेल तर खाली उतरा आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, आधी पुढून मागं, मग मागून पुढं. एका बाजूनं हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवला की करवतीसारखे दात बोटांना लागतात, असं झालं तर टायर वाकडा घासलाय. पांढऱ्या गाडीचे मागचे दोन्ही टायर असेच निघाले. "लोणी" सत्तरच्या पुढे हेलिकॉप्टरसारखी घुमत होती. दाजींनी ती विजापूर रोडला पन्नासच्या वर नेलीच नव्हती.

बाकीचे आवाज भरभर सांगतो. बारीक खाचखळग्यांवर पुढून खट-खट येत असेल तर बहुतेक वेळा सस्पेन्शनचा लिंक रॉड, स्वस्तातलं काम. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना कट-कट आली तर चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, हे मात्र खर्चिक आहे, किमतीतून वजा करून घ्या. वाऱ्याची शिट्टी असेल तर दरवाजाच्या रबरी बीडिंगमध्ये एक कागद अडकवून दरवाजा लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून हवा शिरते.

मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप वापरायचं असेल तर दोन्ही गाड्यांत एकच फोन, एकाच जागी ठेवून, काचा बंद, एसीचा पंखा एकाच नंबरवर आणि वेग तोच ठेवा. दोन फोनचे आकडे एकमेकांशी लावू नका.

ॲव्हरेजच्या आकड्यांची सरमिसळ

एक गोष्ट मान्य करा: अर्ध्या तासाच्या फेरीत ॲव्हरेज कळत नाही. त्यामुळे माणूस कंपनीच्या आकड्यावर किंवा मालकाच्या शब्दावर जातो. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. साधारण वीस मिनिटांची चाचणी, कमाल वेग ताशी 90, एसी बंद. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं? तो आकडा दोन मॉडेल एकमेकांशेजारी ठेवायला बरा, आपल्या खिशाचा हिशेब त्यावर मांडायला नाही.

मालकाला "किती देते?" एवढंच विचारू नका. कुठं चालवली, किती वेगानं, आणि मोजलं कसं, हे विचारा. ऐंशीवरून शंभरवर गेलं की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. हळू चालवणारा मोहोळचा शिक्षक आणि पुण्याला शंभरनं पळणारा पोरगा, दोघांचा आकडा एकाच मॉडेलचा असला तरी जुळणार नाही. त्यात मालक चार-पाच वर्षांपूर्वीचा आकडा सांगत असेल तर आणखी फरक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. जुन्या गाडीचा आकडा थोडा खाली येणारच. सीएनजी गाडी असेल तर किलोचा आकडा लिटरच्या आकड्याशेजारी ठेवू नका, दोन्हीचे किलोमीटरमागे रुपये काढा.

मोजायची खरी पद्धत म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, दुसऱ्यांदाही त्याच पंपावर, त्याच नोझलला. इथंही लोक घाई करतात. कट होण्यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. तुम्ही पाचच लिटर जाळले असतील तर चूक वीस टक्के, पंचवीस लिटर जाळले असतील तर चारच टक्के. म्हणून लांबचं अंतर मोजा, आणि जाऊन-येऊन मोजा. आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा पुण्याला जाताना तो अंगावर येतो आणि परतताना पाठीशी असतो, एकाच बाजूचा आकडा धरला तर फसगत होते.

खरेदीच्या दिवशी मात्र मोजण्यापेक्षा कारणं शोधा. फेरी संपल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय, आणि ती गाडी तुमचं पेट्रोल रोज जाळणार. एअर फिल्टर काढून बघा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो.

आणि एक हिशेब कागदावर करा. महिन्याला 800 किलोमीटर रनिंग असेल, तर 18 आणि 20 च्या ॲव्हरेजमध्ये महिन्याला साडेचार लिटरचाही फरक पडत नाही. पेट्रोल 105 रुपये धरलं तर साधारण 470 रुपये. एवढ्यासाठी जास्त ॲव्हरेजची म्हणून दुसरी गाडी 50,000 रुपये महाग घेतली, तर ते पैसे वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतात. तोपर्यंत आईची कंबर त्या सीटवर.

दाजींनी शेवटी करडी घेतली. लिंक रॉड बदलले, एअर फिल्टर बदलला, हवा दर पंधरा दिवसांनी बघतात. जुलैत पुण्याला जाऊन आले, त्यांच्या डायरीत नोंद आहे: 508 किलोमीटर, 27.6 लिटर, चार माणसं, म्हणजे 18.4. खाली ताईच्या अक्षरात एक ओळ आहे, "आई भिगवणपर्यंत झोपली होती."