वस्तीपातळीवर आरोग्याचं काम करायला येणाऱ्यांसाठी

सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्य शिकून बाहेर पडलेली मुलंमुली भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणतं सॉफ्टवेअर शिकू, आणखी कोणता कोर्स करू? मी त्यांना विचारते, ज्या प्रकल्पात जाताय त्याचं अंदाजपत्रक पाहिलंत का? वस्तीतल्या संघटनेच्या नावावर त्यात किती रक्कम आहे? तिथल्या रहिवाशांनी दिलेल्या वेळेचं मानधन कुठल्या रकान्यात धरलंय? रुग्णालय, विद्यापीठ, महापालिका आणि वस्तीतल्या संघटना यांना एका टेबलाशी बसवण्याचं समन्वयकाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. भागीदारी खरी आहे की कागदावरची, हे मला करारापेक्षा या रकान्यांतून लवकर कळतं.

मुळात एवढ्या सगळ्यांना एकत्र आणायचंच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली जो अहवाल दिला, त्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं उदाहरण आहे. शहरातल्या कॅल्टन भागात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं, आणि काही किलोमीटरवरच्या लेन्झीत ८२. दोन्हीकडे सरकारी आरोग्यसेवा एकच, मोफत. म्हणजे ही २८ वर्षं दवाखान्याच्या आत हरवलेली नाहीत. ती घराच्या ओलीत, कामाच्या स्वरूपात, तुटपुंज्या मिळकतीत आणि श्वासातल्या हवेत हरवली आहेत. डॉक्टरच्या हातात यातलं काहीच नाही, म्हणून घरबांधणी, सफाई आणि वाहतूक बघणारी माणसंही टेबलाशी लागतात.

रहिवासी का लागतात, हे समजायला मला १९६९ सालच्या न्यूयॉर्कची गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. ईस्ट हार्लेममध्ये यंग लॉर्ड्स ही पोर्तो रिकन तरुणांची संघटना काम सुरू करत होती. डोक्यात क्रांतीच्या मोठ्या कल्पना होत्या. पण तुम्हाला काय हवंय असं विचारल्यावर लोकांनी रस्त्यावर साठलेला कचरा दाखवला. तरुणांनी झाडू हातात घेतले. सफाई खात्याकडे आणखी झाडू मागितले, ते मिळाले नाहीत, तेव्हा तोच कचरा हमरस्त्यावर आडवा रचून त्यांनी वाहतूक रोखली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन घरोघरी लहान मुलांमधल्या शिशाच्या विषबाधेची तपासणी केली. जुन्या घरांच्या भिंतींवरचा शिसं असलेला रंग मुलांच्या पोटात जात होता. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लोकांनी सांगितलेलं काम आधी केलं होतं, म्हणून तपासणी करायला आलेल्यांसाठी दारं उघडली, असं माझं मत आहे. तुमच्या प्रस्तावात मधुमेह असेल आणि वस्ती गळक्या नळाबद्दल बोलत असेल, तर नळाची तक्रार त्यांच्याबरोबर जाऊन नोंदवा आणि पाठपुरावा करा. मधुमेहाचं काम त्याने मागे पडत नाही.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं झुलवणं, वर त्यांच्या हाती कारभार. मत विचारणं चौथ्या पायरीवर येतं, भागीदारी सहाव्या. नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते स्वतःशी लिहून काढा. मी पाहिलेल्या बऱ्याच ‘भागीदाऱ्या’ चौथ्या पायरीवर थांबतात. निर्णय आधीच झालेला असतो, बैठक फक्त मान डोलावण्यासाठी बोलावलेली असते. बैठकीची वेळ पाहिली तरी हे ओळखता येतं. कामाच्या दिवशी भर दुपारी, कार्यालयात बैठक ठेवली, तर रोजंदारीवरची बाई येणार कशी? बैठक संध्याकाळी, वस्तीत, लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी ठेवून घ्यावी लागते. इतिवृत्त लोकांच्या भाषेत, चार दिवसांत त्यांच्या हाती पडायला हवं. ही कामं किरकोळ वाटतात. मी मात्र नव्या सहकाऱ्याची पारख यावरूनच करते.

आता माहितीबद्दल, कारण इथेच वस्त्या सगळ्यात जास्त दुखावलेल्या असतात. सर्वेक्षणं येतात, फॉर्म भरले जातात, आणि पुढे काय झालं ते कुणी सांगायला येत नाही. याच्या अगदी उलट काम हार्लेममध्येच झालं. ‘वी ॲक्ट’ ही १९८८ मध्ये उभी राहिलेली संघटना आणि कोलंबिया विद्यापीठातले संशोधक यांनी १९९६ च्या उन्हाळ्यात हवेची मोजणी केली. तिथल्याच तरुणांनी उपकरणं घेऊन चौकाचौकांत उभं राहून किती डिझेल ट्रक गेले, किती बस गेल्या, किती माणसं चालत गेली हे मोजलं. डिझेलच्या वर्दळीप्रमाणे काजळीचं प्रमाण एका चौकातून दुसऱ्या चौकात केवढं बदलतं, हे त्यातून दिसलं. शहराच्या सरासरीत ते दिसलंच नसतं. कुठे उभं राहायचं हे ठरवताना रहिवाशांचं रोजचं ज्ञान कामी येतं. निष्कर्ष त्यांनाच आधी सांगितले, तर ते घेऊन महापालिकेपुढे जाणारेही तेच असतात. म्हणून फॉर्म तयार होण्याआधीच माहितीची मालकी कुणाची, छापण्याआधी कोण वाचणार आणि वस्तीची बदनामी होईल असं काही निघालं तर काय करायचं, हे लिहून घ्या. संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी एकेका व्यक्तीची संमती तपासते. अख्ख्या वस्तीचा प्रश्न बहुतेक वेळा तुम्हालाच उपस्थित करावा लागेल.

वस्तीत राहणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या हा या कामाचा कणा. पदवी नसते, पगार सगळ्यात कमी, आणि कुठल्या घरात औषध बंद झालंय हे त्यांनाच ठाऊक. नव्याने येणाऱ्या पदवीधराला त्यांची ‘देखरेख’ करायला सांगतात. नम्रपणे नकार देऊन काही महिने त्यांच्याबरोबर फिरण्याची परवानगी मागा. पुढे अहवाल लिहाल तेव्हा लेखकांत त्यांची नावं असावीत, आणि पुढच्या अनुदानात त्यांच्या पगारवाढीची ओळ असावी.

या क्षेत्रात नोकऱ्या बहुधा अनुदानाच्या मुदतीपुरत्या असतात. दोन-तीन वर्षांनी सगळं नव्याने जुळवावं लागतं, आणि घरच्यांना ते समजावणं अवघड जातं. विश्वास बसायला जेवढा वेळ लागतो, त्याहून मुदत कमी असते, ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी खोट आहे असं मी मानते. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा: पैसे संपल्यावर वस्तीत काय उरणार? प्रशिक्षित माणसं, नोंदवह्या, बैठकीची जागा आणि महापालिकेत ओळखीचा अधिकारी, यातलं काय कुणाच्या हाती सोपवायचं हे पहिल्या वर्षीच ठरलेलं असेल, तर ती नोकरी पगार थोडा कमी असला तरी घ्या.