अनुभवाच्या पत्रावरची तारीख

परभणीच्या कृषी विद्यापीठातली पोरं मला विचारतात, "ताई, सीजीपीए किती लागतो?" सीजीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतेच. पण डाड या जर्मन संस्थेची ईपॉस शिष्यवृत्ती, म्हणजे विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी मिळणारी, हुशारीचं बक्षीस नाही, आणि गरिबाला मदतही नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तिथे कुणी बघत नाही. तो पैसा त्यांच्या विकास सहकार्य मंत्रालयाचा. शिकून पुन्हा आपल्या मुलखात कामाला येणारा माणूस त्यांना हवा असतो, म्हणून पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. यातला 'पदवीनंतर' हा शब्द मी वाचला होता, मनावर घेतला नव्हता.

शेवटच्या वर्षाचा माझा एक विषय राहिला. घरी बसून काय करायचं, म्हणून ऑगस्ट २०१७ ला जालना जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. विषय सुटला जुलै २०१८ ला. सप्टेंबर २०१९ मध्ये अर्ज भरताना दोन वर्षं भरली म्हणून मी निश्चिंत. पदवीच्या तारखेपासून मोजलं तर भरत होते फक्त चौदा महिने! आधीचं अकरा महिन्यांचं काम, उन्हातान्हात बांध मोजलेले, सगळं हिशोबाबाहेर. नकार आला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि संस्थेनं दिलेलं अनुभवाचं पत्र तरी कसं होतं? 'सदर कर्मचारी आमच्या संस्थेत प्रामाणिकपणे काम करीत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.' खाली गोल शिक्का. रुजू झाल्याची तारीख नाही, पद नाही, कामाचं स्वरूप नाही, इंग्रजी प्रत नाही. असलं पत्र जोडू नका. पगार रोखीत मिळत असेल तर आजपासून बँकेत मागा, म्हणजे कामाची नोंद राहते. संकोच वाटतो, मलाही वाटला होता, पण मागा.

पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी झालेली चालत नाही, म्हणजे फार थांबताही येत नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा हिशोब वेगळा: तिथे २,८०० तासांचा अनुभव मोजतात आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

संभाजीनगरचे कन्सल्टन्सीवाले फाईलचे पैसे घेतात. माझ्या मते एक रुपया देऊ नये. ईपॉसचा अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठाकडे जातो, मधे कुणी लागत नाही. प्रेरणापत्रही, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणारं पत्र, स्वतःच लिहा. विकतच्या पत्रात तुमच्या गावची विहीर कुठून येणार?

घाबरू मात्र नका. नकारानंतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. मी तेच केलं. संस्थेच्या सरांकडे गेले, हजेरीचं रजिस्टर काढलं, आणि दोघांनी बसून एकेक महिना जुळवला. नव्या पत्रात रुजू तारीख, पद, आठवड्याचे तास, कोणत्या गावात कोणतं काम, सगळं आलं. सही करताना सर म्हणाले, "हे आधीच सांगायचं ना, बाई." सप्टेंबर २०२० ला पदवीनंतरची दोन वर्षंही भरली होती; तेच पत्र जोडलं, आणि निवड झाली.