फ्रीझर गार, खाली दूध नासतंय? डीफ्रॉस्ट हीटर असा तपासा

फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, पण खालच्या कप्प्यात दूध नासतंय आणि कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडतेय. मेकॅनिकला दाखवलं की बऱ्याचदा पहिलं उत्तर मिळतं, ‘गॅस गेलाय’. फ्रिज फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) असेल, तर गॅस भरायला हो म्हणण्याआधी फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड एकदा बघाच. (सिंगल डोअर डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये सहसा हा हीटर नसतो.)

त्या पॅनलमागे कूलिंग कॉईल असते आणि पंखा तिची गार हवा खाली ढकलतो. हवेतलं बाष्प कॉईलवर गोठत राहतं. म्हणून दर काही तासांनी टाइमर किंवा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) कंप्रेसर थांबवून हीटर लावतो. यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. बर्फ वितळून पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. हे बंद पडलं की कॉईल बर्फात बुजते, हवेची वाट अडते आणि आधी खालचा कप्पा गरम होतो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हवा दमट असल्याने हे लवकर होतं.

एक सोपी खूण आहे. फ्रिज बंद करून, दारं उघडी टाकून चोवीस तास ठेवा. पुन्हा चालू केल्यावर काही दिवस झकास चालला आणि मग तेच रडगाणं सुरू झालं, तर संशय डीफ्रॉस्टवरच घ्या.

आता प्लग काढा, फक्त स्विच बंद करून भागणार नाही. सामान बाहेर काढा आणि पॅनल सुटेल इतपतच बर्फ वितळू द्या, कारण तो कसा जमलाय हे बघायचंय. पूर्ण कॉईल बर्फाने भरली असेल, तर दोष डीफ्रॉस्टचा. सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉईल कोरडी असेल, तर गॅस खरंच कमी असू शकतो. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ अजिबात खरवडू नका. कॉईलला भोक पडलं की दुरुस्ती कित्येक पटींनी महाग होते, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वालाग्राही असतो. उरलेला बर्फ टेबल फॅन लावून वितळवा.

मग मल्टिमीटर घ्या. हीटरचे दोन्ही कनेक्टर सोडवून ओहम (विजेचा रोध) मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या हीटरला सुमारे ३५० ओहम दाखवायला हवेत, २०० वॅटच्याला सुमारे २६५. आकडाच आला नाही, तर हीटर तुटलाय. काचेच्या नळीचा असेल तर ती तडकलेली किंवा काळवंडलेली दिसू शकते.

थर्मल फ्यूज (हीटर फार तापला की उडून वीज तोडणारा) मोजताना जवळपास शून्य ओहम यायला हवेत. तो उडालेला असेल, तर नुसता फ्यूज बदलून थांबू नका. अनेकदा बायमेटल (कॉईल गार असताना हीटरला वीज देणारा आणि ती गरम झाल्यावर तोडणारा स्विच) चिकटून बसल्यामुळे हीटर जास्त तापलेला असतो, म्हणून दोन्ही एकदम बदला. फ्यूज काढून वायर थेट जोडून देणारे असतात. ते कधीही करू देऊ नका, आग लागू शकते.

सगळ्यात जास्त गफलत बायमेटलमध्ये होते. तो गरम असताना उघडाच असतो (त्यातून वीज जात नाही), म्हणजे खोलीच्या तापमानाला मोजला तर चांगला पार्टही खराब वाटतो. दुसऱ्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवा आणि बाहेर काढताक्षणी मोजा. तेव्हा शून्याजवळ आकडा आला आणि गरम झाल्यावर तो पुन्हा उघडला, तर पार्ट ठीक आहे.

तिन्ही ठीक निघाले, तर टाइमर बघा. फ्रिज काही तास चालवून कॉईल गार होऊ द्या, प्लग काढा, टाइमरची खाच स्क्रू-ड्रायव्हरने ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवा आणि प्लग लावा. कंप्रेसर गप्प राहून फ्रीझरच्या मागे ऊब जाणवली, तर बाकी वायरिंग नीट आहे आणि टाइमरच अडकतोय. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये टाइमरऐवजी बोर्ड असतो. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ धोकादायक व्होल्टेज राहतं, त्यामुळे तिथे हात न घालता मेकॅनिकला बोलवा.

पॅनल लावण्याआधी कॉईलखालच्या भोकात पेलाभर कोमट पाणी ओता. ते मागच्या ट्रेमध्ये आलं नाही, तर नळी तुंबलीय. ती साफ केल्याशिवाय पॅनल बसवू नका, नाहीतर वितळलेलं पाणी तिथेच गोठेल. फ्रिज चालू केल्यावर चार-पाच दिवसांनी पॅनलवर हात फिरवून बघा, बर्फाचा थर लागायला नको.