पाऊस थांबला तरी डिशला सिग्नल नाही? आधी कनेक्टर बघा

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या वायरीचे लई हाल होतात. धो धो पाऊस चालू असताना डिशचं चित्र गेलं तर त्यात बिघाड काही नसतो, केयू बँडचा, म्हणजे डिश ज्या लहरींवर चालते त्यांचा, सिग्नल मोठ्या पावसात पडतोच, सर ओसरली की परत येतो. पण आभाळ मोकळं होऊनही बॉक्स नो सिग्नलच दाखवत असेल तर डिश हलवत बसू नका भावांनो, पहिल्यांदा एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, लावलेला कनेक्टर सोडवून बघा. आतली तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय, आणि एकदा शिरलं की ते सालीखालच्या बारीक तारांच्या जाळीतनं दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वायरीत आतपर्यंत जातं. म्हणून काळी पडलेली जाळी संपून चकचकीत लागेपर्यंत वायर कापायची, नुसता कनेक्टर बदलून भागत नाही.

आता कुठला घ्यायचा? डिशला आरजी-6 वायर असते, 75 ओहमची (वायर आणि तिला जोडलेलं सामान एकाच ओहमचं लागतं), जाडी 7 मिमीच्या आसपास. सीसीटीव्हीच्या जुन्या कामात आरजी-59 सापडते, ती साधारण 6 मिमी. आरजी-6 चा कनेक्टर आरजी-59 वर बसल्यासारखा वाटतो पण ओढला की हातात येतो, तेव्हा लक्ष्मीपुरीत जावा नाहीतर राजारामपुरीत, वायरीचा वीतभर तुकडा सोबत न्या आणि दुकानातच घालून बघा. डिशला स्क्रूवाला एफ कनेक्टर लागतो, कॅमेऱ्याला अर्धा फिरवून अडकवायचा बीएनसी.

एफ मध्ये पण तीन प्रकार. हातानं फिरवून बसवायचा स्वस्त असतो, घरात टीव्हीमागं ठीक आहे पण गच्चीवर अजिबात नको. क्रिंपवाला, म्हणजे बाहेरनं चेपून बसवायचा, बरा, फक्त तो षटकोनी खाचेच्या क्रिंपिंग टूलनंच दाबायचा, साध्या पकडीनं चेपला की चपटा होतो आणि फट राहते. बाहेरच्या कामाला कॉम्प्रेशनवालाच, म्हणजे लांबीच्या दिशेनं दाबून घट्ट होणारा, घ्या, त्याचं टूल वेगळं असतं, ते केबलवाल्या मित्राकडनं मागून आणा.

बसवताना आधी बॉक्सचं बटण भिंतीवरनं बंद करा, कारण एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट ह्याच वायरीतनं जातात आणि मधली तार जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. मग टोकापासनं साधारण 12 मिमी वरची रबरी साल काढा, जाळी मागं सालीवर दुमडा, पांढऱ्या फोमला चिकटलेली फॉइल तशीच राहू द्या. आता टोकाकडचा 6 मिमी फोम काढून तांब्याची तार उघडी करायची, पण ब्लेडचा चरा तारेवर पडता कामा नये, तिथंच ती पुढं तुटते. जाळीचा एकही केस मधल्या तारेजवळ दिसत नाही ना ते बघा, अर्ध्या तक्रारी ह्या एका केसामुळं असतात. कनेक्टर जोर लावून सरकवा, आत डोकावल्यावर पांढरा फोम तळाशी सपाट भिडलेला दिसला पाहिजे आणि तार तोंडाच्या बाहेर 2-3 मिमी. मगच दाबा.

एलएनबीला आधी हातानं फिरवा, मग 11 च्या पान्यानं जरासं आवळा, बॉक्सच्या बाजूला मात्र हातानंच बास. वरनं रबरी बूट किंवा स्वतःलाच चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळत न्या. साधी काळी इलेक्ट्रिक टेप एका उन्हाळ्यात सुटते. कनेक्टरच्या खाली वायरीला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथनं ठिबकतं, आत येत नाही.

अ‍ॅडॉप्टरचं म्हणाल तर शक्यतो टाळा, प्रत्येक जोड म्हणजे थोडा सिग्नल गेला आणि बिघाडाला एक जागा वाढली. वायर कमी पडली तर जॉइनर चालतो पण तो घरात ठेवा, गच्चीवर नको. कॅमेऱ्याचं चित्र थेट टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला घालायचं असेल तर बीएनसी ते आरसीए मिळतो, पण कॅमेरा साध्या ॲनालॉग मोडवर पाहिजे, एचडी सिग्नल तिथं दिसत नाही. वायरलेस सेट किंवा मोबाईल बूस्टरचं सामान 50 ओहमचं असतं, अ‍ॅडॉप्टर लावून ते डिशच्या वायरीला जोडता येतं खरं पण अ‍ॅडॉप्टरनं ओहम बदलत नाहीत.

आणि हो, कनेक्टर दाबून झाल्यावर, एलएनबीला आवळायच्या आधी, दोन्ही टोकं मोकळी असतानाच मल्टिमीटर बीपवर ठेवून मधल्या तारेला आणि कनेक्टरच्या बॉडीला लावा. बीप वाजला तर आत कुठंतरी जाळी टेकलीय, तो कनेक्टर कापून नवीन घाला. वाजला नाही तर जोडा आणि बॉक्स चालू करा.